मतदार नोंदणीचा एक महिना आणि महाविद्यालयाचा शिक्का : कुलगुरू व प्राचार्यांना खुले पत्र

पुणे, २५ ऑक्टोबर २०२१

प्रति,
मा. कुलगुरू, राज्यातील सर्व विद्यापीठे, आणि
मा. प्राचार्य, सर्व संलग्न व स्वायत्त महाविद्यालये

विषय : १ ते ३० नोव्हेंबर या मतदार नोंदणीच्या काळात महाविद्यालयांनी करावयाच्या कामाबाबत

महोदय / महोदया,
स.न.वि.वि.

गेल्या बुधवारी, म्हणजे २० ऑक्टोबरला, राज्यातील महाविद्यालयांचे वर्ग पुन्हा भरले. फेब्रुवारीत निम्म्या उपस्थितीने सुरू झालेले आणि दुसऱ्या लाटेने बंद पाडलेले ते काही दिवस सोडले, तर वर्गात समोर माणसे बसलेली पाहण्याची ही मार्च २०२० नंतरची पहिलीच वेळ आहे. येत्या १ नोव्हेंबरपासून मतदार याद्यांचा विशेष संक्षिप्त पुनरीक्षण कार्यक्रम सुरू होत आहे. त्यात ३० नोव्हेंबरपर्यंत दावे आणि हरकती स्वीकारल्या जातील आणि ५ जानेवारी २०२२ रोजी अंतिम यादी प्रसिद्ध होईल. मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, सोलापूर, अमरावती, अकोला आणि उल्हासनगर या महापालिकांची मुदत येत्या काही महिन्यांत संपते आहे, आणि अनेक जिल्हा परिषदा व पंचायत समित्याही त्याच वाटेवर आहेत. या निवडणुकांत राज्यातील विद्यार्थ्याला मत असेल की नसेल, याचा बराचसा निकाल नोव्हेंबरमध्ये लागणार आहे आणि त्यात आपल्या कार्यालयांचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. म्हणून हे पत्र निवडणूक आयोगाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

मी राज्यशास्त्र शिकवते. घटनेच्या ६१व्या दुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, हे दरवर्षी वर्गात सांगते. मात्र अठरा पूर्ण झाले आणि लगेच मत मिळाले, असे कायद्यात नाही. त्या वर्षीच्या १ जानेवारीला, म्हणजे अर्हता दिनांकाला, अठरा पूर्ण असावी लागतात. जन्म २ जानेवारीचा असेल तर जवळजवळ वर्षभर थांबावे लागते. वर्षातून एकापेक्षा अधिक अर्हता दिनांक असावेत, ही आयोगाची जुनीच शिफारस आहे. ती अजून कायद्यात उतरलेली नाही आणि तो विषय आपल्या हातातलाही नाही, पण त्याचा परिणाम आपल्याच वर्गांत दिसतो. महामारीच्या काळात तो सर्वांत स्पष्ट दिसला तो गेल्या जानेवारीच्या ग्रामपंचायत निवडणुकांत.

त्या निवडणुकांकडे विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहायला हवे होते, तसे कोणी पाहिले नाही. ३१ मार्च २०२० रोजी १,५६६ ग्रामपंचायतींसाठी मतदान व्हायचे होते. ते करोनामुळे राज्य निवडणूक आयोगाने स्थगित केले. वर्षअखेरीपर्यंत मुदत संपलेल्या आणखी १२,६६८ ग्रामपंचायती त्यात मिळाल्या आणि एकूण १४,२३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम एकदम जाहीर झाला. मतदान १५ जानेवारी २०२१ रोजी ठरले. एरवी जानेवारीच्या मध्यावर पुण्या-मुंबईत किंवा औरंगाबादेत शिकणारा विद्यार्थी आपल्या गावात नसतो. मतदानासाठी एसटीचे दोन्ही वेळचे भाडे मोडून आणि दोन दिवसांची हजेरी बुडवून जाणारे फार थोडे असतात, आणि त्यांतलेही बरेच जण पॅनेलने गाडी धाडली तरच जातात. या वेळी मात्र वसतिगृहे बंद होती, वर्ग मोबाइलवर होते आणि राज्यातील शिकणारी तरुण मंडळी आपापल्या गावी, आपापल्या प्रभागात बसलेली होती. शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या पिढीला गावच्या निवडणुकीत भाग घेण्याची इतकी सोयीची संधी यापूर्वी कधी आली असेल असे मला वाटत नाही.

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात माझ्या ऑनलाइन तासाला प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी महा ई-सेवा केंद्रातील बाकावरून हजर होता. कॅमेरा चुकून सुरू राहिल्याने सगळ्या वर्गाला तो दिसत होता. मांडीवर तीन उमेदवारांच्या कागदपत्रांच्या फायली आणि हातात आधार कार्डांच्या झेरॉक्स घेऊन तो बसला होता. गावातल्या पॅनेलचे उमेदवारी अर्ज भरून देण्याचे काम त्याच्याकडे आले होते, कारण अर्ज संगणकावरून भरायचे होते आणि ते जमणारा घरी रिकामा असलेला माणूस म्हणजे हाच. सर्व्हर चालत नसल्याने राज्यभर अशीच गर्दी झाली होती आणि शेवटी आयोगाने कागदी अर्ज स्वीकारण्यास परवानगी दिली. तास संपल्यावर मी त्याला विचारले, की पंधरा तारखेला मतदान करणार का? त्याने सांगितले की त्याचे नावच यादीत नाही. त्याला अठरा वर्षे केव्हाच पूर्ण झाली होती.

यात कोणाची लबाडी नव्हती. ग्रामपंचायत निवडणुकीसाठी २५ सप्टेंबर २०२० रोजी अस्तित्वात असलेल्या विधानसभा मतदार याद्या ग्राह्य धरल्या गेल्या होत्या, आणि त्या याद्यांचा अर्हता दिनांक १ जानेवारी २०२० होता. म्हणजे २ जानेवारी २००२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला कोणीही त्यात असणे शक्य नव्हते. आपल्याकडे सरळ बारावी होऊन आलेला प्रथम वर्षाचा विद्यार्थी बहुधा २००२ चा जन्मलेला. त्यामुळे एकाच महाविद्यालयातल्या तृतीय वर्षाला मत होते, द्वितीय वर्षाला अर्धेमुर्धे आणि प्रथम वर्षाला जवळपास नाहीच. पुढचा योगायोग तर कोणी मुद्दाम जुळवला असता तरी इतका नेमका जुळला नसता. १ जानेवारी २०२१ या अर्हता दिनांकाची नवी यादी ज्या दिवशी प्रसिद्ध झाली, तो दिवस १५ जानेवारीच होता. सकाळी गावात मतदान चालू आणि त्याच दिवशी ज्या यादीत या मुलांची नावे असू शकत होती ती यादी बाहेर. त्या निवडणुकीत राज्यात सरासरी सुमारे ७९ टक्के मतदान झाल्याचे आयोगाने सांगितले. यादीत नाव नसलेली ही मुले त्या टक्केवारीच्या हिशेबात येतच नाहीत, त्यामुळे त्यांची उणीव कोणाला जाणवलीही नाही.

आता गोष्ट उलट फिरली आहे. विद्यार्थी शहरात परत येत आहेत आणि निवडणुका शहरांच्या आहेत. ज्याचे नाव गावच्या यादीत आहे, त्याला पुणे महापालिकेसाठी मत नाही. या मुलांचा महापालिकेशी काय संबंध, असे कोणी विचारील, तर गेल्या दीड वर्षाकडे बोट दाखवता येईल. अभ्यासिका कधी उघडायच्या, खानावळी किती वाजेपर्यंत चालू ठेवायच्या, प्रतिबंधित क्षेत्राची सीमा कोणत्या गल्लीतून काढायची, हे सगळे निर्णय महापालिकेच्या प्रशासनातून झाले आणि ते सोसणाऱ्यांत बाहेरगावचे विद्यार्थी पहिल्या रांगेत होते. काही वसतिगृहे कोविड केंद्रांसाठी घेतली गेली तेव्हा आतल्या मुलांच्या पेट्या आणि पुस्तके कुठे हलवली, हे त्यांना फोनवरून कळले. यांतील एकाही निर्णयाच्या वेळी त्यांच्या वतीने बोलणारा नगरसेवक नव्हता, कारण त्यांच्यातला मतदारच नव्हता. बिनमताच्या माणसासाठी कोणता नगरसेवक आयुक्तांशी भांडेल?

११ मार्च २०२१ चा दिवस आपल्याला आठवत असेल. तीन दिवसांवर आलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुन्हा पुढे ढकलल्याचे कळताच पुण्यात नवी पेठेत विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि संध्याकाळपर्यंत मुख्यमंत्र्यांना आठवडाभरात परीक्षा घेण्याचे आश्वासन द्यावे लागले. ती परीक्षा २१ मार्चला झाली. या पिढीला सार्वजनिक प्रश्नांत रस नाही, असे म्हणणाऱ्यांनी तो दिवस लक्षात ठेवावा. मात्र एका गोष्टीचे मला तेव्हाही वाईट वाटले आणि आजही वाटते. ज्या पेठांत ही मुले वर्षानुवर्षे राहतात, त्या पेठांच्या मतदार याद्यांत त्यांचे अस्तित्व नगण्य आहे. म्हणून त्यांच्या हातात रस्ता अडवण्याखेरीज दुसरे साधन उरत नाही.

येथून पुढचा भाग आपल्या कार्यालयाशी थेट संबंधित आहे.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार जो जिथे सर्वसाधारणपणे राहतो, तिथल्या यादीत त्याचे नाव येते. शिक्षणासाठी वसतिगृहात किंवा अन्यत्र राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत निवडणूक आयोगाने निवड विद्यार्थ्यावरच सोपवली आहे. तो आईवडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवू शकतो किंवा शिकतो तेथील वास्तव्याच्या पत्त्यावर नोंदवू शकतो. शहरातल्या पत्त्यावर नोंदणी करायची असेल तर त्याचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असावा, आणि अर्ज क्रमांक ६ सोबत संस्थेच्या प्रमुखाने सही केलेले विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे, एवढीच अट आहे. हे प्रमाणपत्र प्राचार्य, कुलसचिव, संचालक किंवा अधिष्ठाता देऊ शकतात. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही आणि तसे खोटे प्रतिज्ञापन करणे गुन्हा आहे, हेही विद्यार्थ्याला त्याच वेळी सांगायला हवे, कारण ‘गावचे राहू दे, इथलेही करून टाकू’ असा सल्ला देणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात.

या तरतुदीची माहिती किती महाविद्यालयांच्या कार्यालयांत आहे? शिष्यवृत्तीसाठी, रेल्वेच्या पाससाठी, बँकेच्या खात्यासाठी बोनाफाईड देण्याची पद्धत आपल्याकडे बसलेली आहे. मतदार नोंदणीसाठी प्रमाणपत्र मागायला आलेल्या विद्यार्थ्याला मात्र खिडकीवरचा लिपिक ‘असा काही फॉर्म नसतो’ म्हणून परत पाठवतो, किंवा आधी फीची थकबाकी भर म्हणतो. लिपिकाचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलेच नसते. फी आणि मत यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे मात्र प्राचार्यांच्या सहीने लेखी कळवावे लागेल, तोंडी सांगून ते टिकणार नाही.

वसतिगृहातल्या मुलांचे त्यामानाने सोपे आहे. खरी अडचण कॉट बेसिसवर राहणाऱ्यांची आहे आणि पुण्यासारख्या शहरात त्यांची संख्या वसतिगृहांपेक्षा कितीतरी जास्त असणार. एका खोलीत तीन-चार कॉट, भाडे दरमहा रोखीने, करार नाही, पावती नाही. मालकाकडे करारनामा मागितला तर ‘कॉट बेसिसला कशाला हवा करार?’ असे उत्तर मिळते, कारण करार म्हणजे नोंदणी आणि नोंदणी म्हणजे कर. वीजबिल मालकाच्या नावावर. अशा मुलाने राहण्याचा पुरावा आणावा कुठून? अर्ज क्रमांक ६ सोबत चालणाऱ्या पुराव्यांच्या यादीत बँकेच्या किंवा टपाल खात्याच्या पासबुकाबरोबर आणखी एक साधी गोष्ट आहे. अर्जदाराच्या नावाने त्या पत्त्यावर टपाल खात्यामार्फत पोहोचलेले पत्रही पुरावा म्हणून चालते. महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्याला त्याच्या सध्याच्या पत्त्यावर एक अधिकृत पत्र टपालाने पाठवले, तर त्यावर पोस्टाचा शिक्का असतो आणि ते त्याच्या हाती पडलेले असते. पाच रुपयांच्या पाकिटात होणारे हे काम आहे. हजार विद्यार्थ्यांमागे पाच हजार रुपये, म्हणजे मतदार जागृतीच्या एका फ्लेक्स-रांगोळी-शपथ कार्यक्रमाला जेवढा खर्च येतो त्याच्या आसपास.

त्या कार्यक्रमांविषयी स्पष्ट बोलायला हवे. २०११ पासून आपण २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस साजरा करतो. शपथ होते, निबंध स्पर्धा होते, छायाचित्रांसह अहवाल विद्यापीठाला जातो. २०१८ पासून मतदार साक्षरता मंडळेही आली. माझ्या पाहण्यात या मंडळांचे अहवाल जितके नीटनेटके असतात, तितक्या त्या महाविद्यालयातल्या नव्या नोंदी नसतात. शपथ घेणाऱ्यांपैकी कितींची नावे यादीत आहेत, हा रकाना अहवालात असायला हवा. तो नसल्याने तो प्रश्नच कोणी विचारत नाही.

महामारीत याच विद्यार्थ्यांकडून आपण काय काय करून घेतले, तेही या निमित्ताने आठवावे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत गेल्या वर्षी १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर या काळात घरोघरी फिरणाऱ्या पथकांत आरोग्य कर्मचाऱ्यासोबत स्वयंसेवक होते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी ऑक्सिमीटर घेऊन अनोळखी घरांची दारे वाजवली, मास्क वाटले, रक्तदानाची शिबिरे घेतली. घराघरातली माणसे मोजण्याइतके ते मोठे होते. त्यांना मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या मदतीला देऊन महाविद्यालयाच्या परिसरातील विद्यार्थ्यांचे अर्ज भरून घेणे हे त्या कामाच्या मानाने अगदी हलके आहे.

साथीच्या दिवसांत ऑनलाइन मतदानाची मागणी विद्यार्थ्यांकडून अनेकदा होते. परीक्षा मोबाइलवर झाल्या, मग मत का नाही, असे ते विचारतात. तेलंगणात गेल्याच आठवड्यात खम्मम जिल्ह्यात स्मार्टफोनवरून मतदानाची रंगीत तालीमही झाली. माझे मत या मागणीच्या विरुद्ध आहे आणि ते वर्गातही मी सांगते. मतदान केंद्रातल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतदार एकटा असतो. घरात फोन हातात घेतलेल्या मुलीच्या शेजारी कोण बसले आहे, हे कोणत्याही ॲपला दिसत नाही. सासर, माहेर, भावकी, घरमालक यांच्या देखत दिलेले मत गुप्त राहत नाही. साथीत सुरक्षित मतदान कसे घ्यायचे, याचे उत्तर बिहारने गेल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिलेले आहे. तेथे केंद्रावरील मतदारांची मर्यादा दीड हजारांवरून एक हजारावर आणली, बटण दाबायला हातमोजे दिले, करोनाबाधितांना शेवटचा तास आणि टपाली मतपत्रिकेची सोय ठेवली. तोच मार्ग बरा.

विद्यार्थी परिषदेची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये प्रत्यक्ष निवडणुकीने परिषद निवडण्याची तरतूद आहे. २०१९ मध्ये त्या निवडणुका होणार असे ठरले, विधानसभा निवडणुकीमुळे त्या पुढे गेल्या आणि नंतर महामारी आली. गेल्या वर्षी अंतिम वर्षाच्या लाखो विद्यार्थ्यांची परीक्षा ऑनलाइन घेता आली, तर वर्गप्रतिनिधी निवडायला अडचण साथीची आहे, असे म्हणणे पटत नाही. त्यावर वेगळे लिहिता येईल. आज नोव्हेंबरचे बोलते.

नोव्हेंबर कागदावर तीस दिवसांचा असला, तरी ४ तारखेला लक्ष्मीपूजन आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत बहुतेक विद्यार्थी गावी असतील. ज्यांना गावच्या पत्त्यावर नाव ठेवायचे आहे त्यांच्यासाठी हीच वेळ आहे, म्हणून सुट्टी लागण्यापूर्वीच्या आठवड्यात प्रत्येक वर्गात निवड समजावून सांगितली जावी. जो गावी नोंदणी करील त्याने गावातल्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला सुट्टीतच गाठावे. जो शहरात करील त्याच्यासाठी सुट्टीनंतर जेमतेम दोन-अडीच आठवडे उरतात. कोणता पत्ता निवडावा हे सांगणे शिक्षकांचे काम नाही. पदवी झाल्यावर परत जाणार असेल तर त्याला गाव जवळचे वाटेल, चार-पाच वर्षे इथेच काढायची असतील तर शहर. शेती, घर, भावकी यांची गणितेही त्यात असतात आणि ती आपल्याला कळत नाहीत.

त्या आठवड्यांत प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार उपप्राचार्य किंवा कुलसचिव कार्यालयातील एका व्यक्तीकडे लेखी सोपवावा आणि प्रमाणपत्र त्याच दिवशी मिळावे. नोंदणीचे टेबल मात्र आवाराच्या आत ठेवू नये. सध्याच्या आदेशानुसार लशीच्या दोन मात्रा झालेल्यांनाच महाविद्यालयात प्रवेश आहे. मतदार होण्यासाठी लशीची अट नाही. एकच मात्रा झालेला विद्यार्थी फाटकावरून परत गेला तर त्याचा तास बुडेल, तो पुढे भरून काढता येईल. नोंदणी बुडाली तर महापालिकेची पुढची पाच वर्षे जातील. टेबल फाटकाबाहेर, मांडव घालून ठेवावे.

एक विनंती कुलगुरूंना स्वतंत्रपणे. निवडणुकांच्या तारखा जाहीर झाल्यावर विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने मतदानाचा दिवस आणि त्याच्या आगेमागे एकेक दिवस मोकळा ठेवावा. गावच्या पत्त्यावर नाव असलेल्या विद्यार्थ्याला जिल्हा परिषदेसाठी मत द्यायला जाऊन यायचे असते, आणि गडचिरोलीहून नागपूरला किंवा नंदुरबारहून नाशिकला एका दिवसात परीक्षेसाठी परत येणे प्रत्येकाला जमत नाही. परीक्षा साथीमुळे कितीही वेळा पुढे गेल्या, तशा या कारणाने तीन दिवस पुढे गेल्यास वेळापत्रक कोसळणार नाही.

मुख्य निवडणूक अधिकारी आणि राज्य निवडणूक आयोग यांना या पत्राची प्रत पाठवत आहे. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना विनंती अशी, की पडताळणीसाठी केंद्रस्तरीय अधिकारी कॉट बेसिसच्या खोलीवर दुपारी गेले तर दार बंदच मिळणार आणि ‘आढळला नाही’ असा शेरा पडून अर्ज निकाली निघणार, म्हणून विद्यार्थ्यांच्या बाबतीत फेरी सकाळी लवकर किंवा रात्री आठनंतर व्हावी, अथवा महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रावर भिस्त ठेवावी. राज्य निवडणूक आयोगाला एवढेच, की महापालिका आणि जिल्हा परिषदांसाठी ५ जानेवारी २०२२ ची यादीच ग्राह्य धरावी. गेल्या वेळेप्रमाणे जुनी यादी धरली गेली, तर नोव्हेंबरमध्ये केलेली सगळी धावपळ या निवडणुकांपुरती वाया जाईल.

आपल्या महाविद्यालयात सही कोणाकडे सोपवली, टेबल कोणत्या तारखेपासून आणि कुठे असेल, हे दिवाळीच्या सुट्टीची सूचना लागेल त्याच फलकावर लावावे, आणि ३० नोव्हेंबरला किती प्रमाणपत्रे दिली तो आकडा त्याच जागी प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
राज्यशास्त्राची एक प्राध्यापिका, पुणे

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
१) मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य
२) मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र